दोन बोटं

मौजनगरीच्या फाटकावर पाटी आहे:
देखभालीकरिता बंद, लवकरच भेटू.
पाटी मीच बांधली, सुतळीने.
छेडाशेठ म्हणाले, तार कशाला,
महिन्याभराचा तर प्रश्न.
ही तिसरी सुतळी.

माझं काम सोपं होतं.
‘नागमोडी’च्या रांगेच्या तोंडाशी लाकडी वाघ,
त्याचा एक पंजा पुढे आलेला, जमिनीपासून चार फुटांवर.
पंजाला डोकं लागलं तर आत,
नाही लागलं तर तिकडे, बदकांच्या पाळण्यात.
अठरा वर्षं हेच केलं.
एका नगरसेवकाच्या भाच्यालाही बदकांकडे पाठवलंय.

पोरं काय काय करायची.
टाचा उचलायची, छातीत श्वास कोंडायची,
आईच्या उंच सँडल, मोज्यांत वर्तमानपत्राच्या घड्या,
एकीने तर अंबाड्यात रुमालाचा बोळा.
मी तळहात ठेवायचो डोक्यावर, हलकेच दाबायचो.
तेल, घाम, पॉपकॉर्न.
किती टाळूंनी हा हात
खालून वर ढकलला असेल.

हुमेरा यायची बासी ईदला.
बाप भांडुप स्टेशनबाहेर मोबाइलची कव्हरं विकणारा,
त्या एका दिवशी धंदा बंद, कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता.
पहिल्या वर्षी ती सात बोटं कमी.
दुसऱ्या वर्षी चार.
गेल्या खेपेला दोन:
माझीच बोटं आडवी धरून दाखवली तिला.
रडली नाही. म्हणाली,
“वाघाला सांगून ठेवा, पुढच्या ईदला येते.”
मी सांगून ठेवलं.

मग कुणी म्हणालं, इथे मॉल होणार.
कुणी म्हणालं, मेट्रोचे खांब ओतायला जागा देणार.
तिकीट खिडकीतली फिलोमिना म्हणाली,
मिठागराला खेटून आहे बाबा, काहीच होणार नाही,
गवत होईल.
आतापर्यंत तिचंच खरं ठरलंय.
बदकांच्या पाळण्यात पाणी साचलं, दोन बगळे आले,
मग पालिकेने डासांचं औषध मारलं, बगळे गेले.
गजा तांडेल महिन्यातून एकदा येऊन
नागमोडीच्या सांध्यांना ग्रीस लावायचा, पगाराशिवाय.
चार वेळा आला.
पाचव्यांदा मी त्याला फोन केला नाही,
त्यानेही मला.

आता मी मुलुंडला, टॉवरच्या गेटवर.
इथे उंची बघत नाहीत,
सगळ्यांनाच थांबवायचं असतं.
बासी ईदची ड्युटी बदलून घेतली.
बायको म्हणाली, कशाला?
म्हटलं, सुतळी बदलायचीय.

अकराच्या सुमारास रिक्षा थांबली.
आधी पांढरा कुर्ता. मागून ती,
सपाट चपला, केस बारीक कापलेले,
फसवाफसवीला काही जागाच ठेवली नव्हती तिने.
बापाने पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं.
त्याने काही विचारण्याआधी
मी वॉचमनकडून किल्ली घेतली.

वाघाचा रंग उडालाय, एक कान वाळवीने खाल्ला.
पंजा शाबूत.
ती जाऊन उभी राहिली, टाचा जमिनीला.
मी हात ठेवला.
पंजाच्या वर. दोन बोटं.
“जा आत,” मी म्हणालो,
सवयीने,
आणि साखळी काढली.

ती गेली.
पहिल्या डब्यातली सुकलेली पानं झटकली, बसली,
गंजका दांडा पोटाशी ओढून घेतला.
बाप घड्याळ बघत होता, रिक्षा थांबवून ठेवलेली.
हायवेवरून डंपर जात होते एकामागून एक,
त्यांनी रूळ किंचित थरथरायचे.
तिला ते कळलं असावं; तिने डोळे मिटले.

मी नियमाप्रमाणे ओरडलो:
हात बाहेर काढू नका!

तिने हात आत घेतले.