खोली

आमच्या कौन्सिलच्या नियमात खड्डा म्हणजे
चाळीस मिलिमीटर, किंवा त्याहून जास्त.
एकोणचाळीस भरला तर तो रस्ताच.
हे मी अकरा वर्षं फोनवर सांगत आलोय,
जमेल तितक्या गोड आवाजात.

एलुनेड प्रॉसर फोन करत नाही.
ती पत्र लिहिते, निळ्या शाईत,
कूम हेस्गिनच्या उतारावरून,
जिथे पोस्टाची व्हॅन कुरकुरत चढते
आणि दुधाचा टँकर रोज उतरतो, भरलेला.

"गिरणीच्या वळणावर, डाव्या अंगाला.
खोली: चहाचा कप बुडतो, कान वर राहतो."

"पुलाच्या अलीकडे, दोन.
एकात कोंबडी बसते.
दुसऱ्यात बसवून पाहिली, नको म्हणाली."

"चॅपलच्या फाटकासमोर.
पाणी साचलंय, हात घालवत नाही.
पण इडवल सायकलवरून पडला तेव्हा
शिव्या फाटकापासून दुकानापर्यंत पुरल्या,
त्यावरून अंदाज घ्यावा."

संगणकाला कोंबडी चालत नाही.
त्याच्या रकान्यात फक्त आकडा जातो.
म्हणून एका रात्री मी घरातले कप ओट्यावर मांडले,
पट्टी लावून कान कुठे सुरू होतो ते मोजलं.
बायको दारात उभी.
हेफिन, ऑफिसात सगळं बरं आहे ना?
त्रेपन्न, मी म्हणालो.
खड्डा मंजूर.
(कोंबडीचं अंदाजे ठोकून दिलं.)

मग गेथिन ट्रक घेऊन जायचा,
डांबर ओतून फावड्याच्या पाठीने थापटायचा,
आणि आठवड्याने पत्र:
"गिरणीचा खड्डा बुजला. आता तिथे टेकडी आहे.
उंचीसाठी तुमच्याकडे वेगळा कागद असतो का?"

साहेब एकदा चिडून म्हणाले, कोण ही बाई?
सांगितलं मी.
चौतीस वर्षं त्या दरीची सुईण.
धुक्यात, रात्री दोनला,
मागच्या सीटवर कळा सोसणारी पोर घेऊन
हाच रस्ता उतरलेली.
कुठे ब्रेक दाबायचा
आणि कुठे मागे न बघता म्हणायचं,
आता श्वास धर, आता सोड,
हे तिला दगडागणिक पाठ.
माझी आईही त्या सीटवर होती.
हे मात्र साहेबांना नाही सांगितलं.

नोव्हेंबरातलं पत्र. अक्षर ओळ सोडून उतरलेलं.
"माझ्या दाराच्या खाली, तिसऱ्या खांबापाशी.
खोली: अजून काही नाही.
केसाएवढी चीर आहे फक्त.
पण हिची जात मी ओळखते.
पाणी आत जाईल, गोठेल, फुगेल,
फेब्रुवारीत दिवस भरतील.
तेव्हा लिहायला जमेल न जमेल,
म्हणून आत्ताच कळवून ठेवते."

न झालेल्या खड्ड्याला आमच्याकडे जागा नाही.
शून्य टाकलं की संगणक लाल होतो.
तीनदा टाकून पाहिलं.
मग पत्र ड्रॉवरमध्ये सरकवलं, स्टेपलरच्या खाली,
आणि नव्या वर्षाच्या कोऱ्या डायरीत
बारा फेब्रुवारीच्या पानावर
एक गोल काढला. आत काही लिहिलं नाही.

जानेवारी गेला. पत्र नाही.
आता हिवाळ्यात कोण कशाला पोस्टापर्यंत जाईल,
मी स्वतःला सांगायचो,
आणि टपाल आलं की निळी शाई शोधायचो.

बाराला रजा टाकली.
रस्त्यात मेंढ्या, तारांवर दहिवर गोठलेलं,
पुलाच्या अलीकडे सवयीने गाडी हळू केली.
तिसऱ्या खांबापाशी उतरलो, गुडघे टेकले.
चीर उकलली होती. आत खडी दिसत होती,
ओली, काळी, नुकतीच उजेडात आल्यासारखी.
शाळेतली लाकडी पट्टी उभी धरली.

एक्केचाळीस.

पुन्हा मोजलं. एक्केचाळीसच.
पट्टी पुसली, खिशात ठेवली.
पिवळा खडू काढून कडेकडेने गोल केला,
बोटं बधिर झाली तरी सावकाश,
तो पुरता मिळेपर्यंत.
मग मान वर केली,
धुराडं शोधत.