नाव द्या

हर्णैच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत,
सोसायटीच्या जुन्या कॉम्प्युटरवर
मी ते सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं
तेव्हा पडद्यावर नुसती बारीक चौकडी होती,
सुकत घातलेल्या जाळ्यासारखी, शेपटीएवढाही मासा नाही.
वर लिहिलेलं: बिननावाचं मॉडेल १.
कोपऱ्यात: तीस दिवस उरले.

डावीकडून एक चौकोन ओढला, मधोमध टाकला.
लगेच विचारलं त्यानं, नाव द्या.
मी लिहिलं, नाव.
वाचलं, आणि एकटीच हसले.
आपल्याकडे नाव पाण्यावरही चालते, हे त्याला कोण सांगणार.
पुसून लिहिलं, होडी.

पहिल्या रकान्याशेजारी छोटी किल्ली.
मदतीच्या पानावर म्हटलं होतं,
पुन्हा कधीच येणार नाही असं काहीतरी इथे लिहा.
बंदरात जयलक्ष्मी चार आहेत,
नूर-ए-दर्या दोन,
आणि सहदेव पावसे तीन, त्यातले दोघे एकाच आळीतले,
एकाला टेलर म्हणतात, एकाला बारा वाजले.
शेवटी नुसते आकडे दिले. एक, दोन, तीन.
टोपणनावाचा रकाना वेगळा घातला,
सोसायटीनं मागितला नव्हता तरी.

रेषा जमायला तिसरा दिवस उजाडला.
एका मालकाच्या पुष्कळ होड्या:
रेषेच्या टोकाला तीन बोटं फुटतात,
कावळ्याचा पाय म्हणतात त्याला.
खिडकीतून खाली पाहिलं तर
ओल्या वाळूवर, बोंबलाच्या मांडवांपासून थेट पाण्यापर्यंत,
अशी किती मॉडेलं काढून ठेवलेली,
आणि भरती रोज ती जतन न करताच बंद करते.

खलाशी मात्र होडीला जुळेना.
नारळी पुनवेपासून दिवाळीपर्यंत एकीवर,
तिथली उचल फिटली की शिमग्यापर्यंत दुसरीवर.
पुष्कळांचे पुष्कळांशी. थेट रेषा चालत नाही,
मध्ये आणखी एक चौकोन लागतो.
दोन संध्याकाळी मी तो मधला चौकोन शोधत बसले.
इन्व्हर्टर टुकटुक करत होता. खाली लिलाव, बैलगाड्या,
टोपल्या, शिव्या,
आणि सगळ्यांवर आवाज चढवून सकीनाबी विचारत होती,
"ही सुरमई कुठल्या फेरीची गो?"

फेरी.
मी खिडकीतूनच तिला हात केला. तिला वाटलं, मला सुरमई हवी.

फेरी: होडी कोणती, खलाशी कोण,
गेल्याची तारीख, आल्याची तारीख.
दोन्ही तारखांपुढे खूण केली, रिकामं चालणार नाही.
सोमवारी कमिटीपुढे ठेवायचं होतं,
भोकं दिसायला नकोत.

कमिटीनं चहा घेतला, छान म्हटलं, डिझेलच्या कोट्यावर भांडली.
परशा तांडेल तेवढा उठून आला.
दोरीनं बांधलेला चष्मा पडद्याला टेकवून
एकेक चौकोन बोटानं वाचत गेला.
शेवटच्या रकान्यावर बोट थांबलं.
"हा भरल्याबिगर फेरी लिवून घेत नाय?"
"नाही घेत, काका."
"मंग आमचा जनू कुठं लिवशील?"

पंखा फिरत होता. डिझेलवाले गप्प झाले.

कपाटातून त्या सालची वही काढली.
आधीच्या कारकुनाचं अक्षर गिचमिड,
पण त्या ओळीत त्यानं शेवटी काहीच लिहिलं नव्हतं,
आडवी रेघसुद्धा नाही.
वरच्या ओळींत शाई, खालच्या ओळींत शाई,
आणि मध्ये कागद आपल्या मूळ रंगात.

मी खूण काढली. एक टिचकी लागते फक्त.
त्यानं विचारलं, बदल जतन करायचे?
हो म्हटलं.

परशाकाका चप्पल शोधत दारापर्यंत गेले, वळले,
वरच्या पट्टीकडे बोट करून म्हणाले,
"आणि याला काय तरी नाव घाल गो. असाच नको सोडू."

कोपऱ्यात बावीस दिवस उरले होते.
सकीनाबीनं खरंच सुरमई पाठवली होती,
पैसे उद्या दे, म्हणून.