नऊ शर्यतींनंतर

नऊ झाल्या, अकरा उरल्या.
कुणी विचारो न विचारो, मी बोलणार.

सालगादो जिंकतो. जिंकू दे.
सहा वेळा पहिला, दोनदा दुसरा,
एकदा टायरमधली हवा नियमापेक्षा कमी निघाली
म्हणून कागदावर पाचवा.
माझी तक्रार एवढीच, की पहिल्या वळणाला तो पुढे जातो
आणि मग चाळीस मिनिटं
पासबुक भरून घ्यायला आलेल्या माणसासारखा दिसतो.
हरगोविंद म्हणतो, दीदी, इसे कहते हैं क्लास.
हरगोविंद दौलतगंजातल्या आमच्या चष्म्याच्या दुकानात
बावीस वर्षं भिंगं घासतोय.
कड गुळगुळीत झाली की त्याला बरं वाटतं.

मला नाही वाटत.

शनिवारची ती छोटी शर्यत बंद करा.
पान वाढायच्या आधीच हातावर गजक कोण ठेवतं?
आणि गाड्यांना लावलेले ते पंख.
पुढच्याची ढवळलेली हवा मागच्याला झोंबते,
टायर तापतो, जवळ जाता येत नाही,
मग बघायचं काय, रांग?
रांग मी महाराज बाड्यावर रोज बघते,
टेम्पोंची, फुकट.

माझा माणूस सत्तेचाळीस नंबरचा.
वाइनिओ. फिनलंडचा.
नऊपैकी चार वेळा पडला.
एकदा पुढचं चाक सुटलं, दुसऱ्यांदा तेच,
तिसऱ्यांदा दुसऱ्याची चूक
(मी मागे नेऊन नेऊन सात वेळा पाहिलं, दुसऱ्याचीच),
चौथ्यांदा याची. कबूल.
एकूण गुण तीस.
सालगादो तेवढे दोन आठवड्यांत खिशात घालतो.

तरी का, असं विचारतात.
मी पोटासाठी लोकांचे डोळे बघते.
वळणात शिरताना बाकीच्यांची नजर
समोरच्याच्या मागच्या चाकाला चिकटलेली असते.
याची मान आधी फिरते,
हेल्मेट खांद्यावरून पलीकडे वळतं,
जिथे अजून कुणीच नाही तिथे,
आणि गाडी मागाहून येते, बोलावल्यासारखी.
कटोराताल रोडवर मोपेड शिकवताना
शरयूमावशी मागे धावत ओरडायची,
गाईकडे बघू नकोस, बघशील तिथेच जाशील!
मी गाईकडे बघितलं.
डाव्या गुडघ्यावर ती गाय अजून आहे.

पाचव्या शर्यतीचं सांगते आणि थांबते.
तिकडे पाऊस, इकडे छेचाळीस डिग्री,
कूलरच्या खसाला वास होता, गारवा नव्हता.
साडेपाचला सुरू झाली, पावणेसहाला वीज गेली.
फोनवर चित्र अडकून अडकून बंद पडलं,
उरला फक्त आकड्यांचा उभा रकाना.
सत्तेचाळीस एकविसावा होता, दंडाची फेरी भोगून आलेला.
मी आणि हरगोविंद काउंटरवर वाकून
एक आकडा वर सरकताना बघत होतो.
अठरा. सतरा.
सतरावर इतका वेळ थांबला
की एक गिऱ्हाईक चष्मा मोडून आलं, आणि बसून राहिलं.
पंधरा. चौदा.
शेवटच्या फेरीत तेरावरून एकदम अकरा.

रात्री वीज आल्यावर सगळी शर्यत परत लावली.
ती शेवटची फेरी कॅमेऱ्याने दाखवलीच नाही.
सालगादो हात वर करून उभा होता, झेंडे, छत्र्या,
आणि मागे कुठेतरी ओल्या डांबरावर
एका माणसाने एका वळणात दोघांना मागे टाकलं
ते कुणीही पाहिलेलं नाही.
मी पाहिलंय.
कुठलं वळण, तेही सांगू शकते.
मान कधी फिरली असेल, तेही.

ग्यारहवाँ, दीदी, असं हरगोविंद म्हणाला.
पाच गुण, मी म्हटलं.
गिऱ्हाईक म्हणालं, माझी दांडी.

वर्षअखेरीस त्याची जागा जाईल म्हणतात,
एकोणीस वर्षांचं कुणी पोर तयार आहे.
असेल. जाईल.
सालगादोला विजेतेपद द्या, आत्ताच देऊन टाका,
मला अकरा शर्यती हव्यात.

पुढची तीन आठवड्यांनी.
इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला टाकली आहे.