पाटी उतरवताना

सोमवारी चौघे आले, गळ्यात ओळखपत्रं.
गोदीकडच्या वाऱ्यानं एकाची टोपी
आमच्या कुंपणावर नेऊन अडकवली.
ती मीच काढून दिली. त्यांनी आभार मानले,
मग विचारलं, आग लागली तर बाहेर कुठून पडायचं?
एकतीस वर्षं किल्ल्या माझ्याकडे आहेत,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.

दोन दिवस ते मागच्या बाकांवर बसले.
वह्या चाळल्या, संडास पाहिले,
जेवणाच्या रांगेत पोरांना विचारलं,
इथं सुरक्षित वाटतं का?
कोरी स्टॅदर्सनं उलट विचारलं, कुणापासून?
तेही लिहून घेतलं असणार.

गणिताला त्या वर्षातल्या चौथ्या बदली बाई.
विज्ञानाला कुणीच नाही, पडद्यावर एक फिल्म.
सभागृहात छताखाली तीन बादल्या,
त्यांच्या जागा मला अंधारातही पाठ.
छपरासाठी सात अर्ज केले होते.
सातही वेळा उत्तर आलं : अर्ज मिळाला.

मग शेरा आला. एकच शब्द. अपुरी.
पूर्वी वर्गात एखादं पोर ढ असायचं,
आता अख्खी शाळाच ढ,
बादल्यांसकट, माझ्यासकट.
मुख्याध्यापिका ब्लेन्किनबाई
खोलीतल्या कुंड्या एकेक करून गाडीत नेत होत्या.
शेवटचं फर्न उचलायला मी वाकलो, तर म्हणाल्या,
राहू दे बर्नार्ड, त्याला इथल्या ओलीची सवय झालीय.

चर्चच्या हॉलमध्ये सभा भरली. लोक ओरडले,
लंडनला काय कळतं इथलं?
आधी आमच्या बोटी नेल्या, आता शाळा न्यायला आले.
मीही टाळ्या वाजवल्या.
शेजारी डीन, माझा मुलगा, याच शाळेत पाच वर्षं काढलेला.
सभेचा कागद माझ्या मांडीवर सरकवून
हळूच म्हणाला, यात काय लिहिलंय?
चष्मा विसरलोय मी.

डीनला चष्मा नाही.

टाळ्या मी थांबवल्या नाहीत,
फक्त त्यांचा आवाज मला ऐकू येईनासा झाला.

सरकारनं शाळा एका ट्रस्टच्या हवाली केली,
ज्याचं कार्यालय ऐंशी मैलांवर.
जुनं नाव म्हणजे नुसतं रस्त्याचं नाव होतं,
नव्यात क्षितिज आहे.
ब्लेझर फुकट, पहिल्या वर्षापुरते.
मधल्या वाटेत बोलायचं नाही, पिवळ्या रेघेवरून चालायचं.
रेघ मीच मारली, जिन्यापाशी जरा वाकडी झालीय.
छप्पर मात्र नऊ दिवसांत नीट झालं.
सात अर्जांना जमलं नाही ते एका शेऱ्याला जमलं.
आता पाऊस लागला की मी उगाच सभागृहात जाऊन येतो.

कोरीला ऑक्टोबरात दुसरीकडे पाठवलं, त्याच्याच भल्यासाठी.
कुठे, ते मला कुणी सांगितलं नाही.
त्याच्या कपाटात एक बूट निघाला, डाव्या पायाचा.

बॉयलरशेजारच्या खोलीत, जिथं मी झाडू ठेवायचो,
तिथं मिस अडेयिंका रोज सकाळी
पाच-सहा मोठ्या पोरांना घेऊन बसतात.
झुझाना नावाची मुलगी, दोन वर्षं
जिचा आवाज मी ऐकला नव्हता,
ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचते,
अडखळते, मागं जाते, पुन्हा तीच ओळ.
त्या खोलीची काच मी दोनदा पुसतो.

काल विचारलंच. तेवीस वर्षांचा चालेल का?
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्याला यायचंय का?
मला एवढा साधा प्रश्न सुचला नव्हता.

जुनी पाटी मी भंगारात दिली नाही.
उतरवताना एक खिळा तळहातात घुसला, ती खूण अजून आहे.
गॅरेजमध्ये ठेवलीय, भिंतीकडे तोंड करून.
सकाळी पाहिलं, तर कुणीतरी ती
सुलटी फिरवून ठेवली होती.
सायकल काढताना हललीही असेल.