पौषात, कड्यावर

पौषात लग्नं नसतात.
स्टुडिओचं शटर अर्ध्यावर ओढून
साडेसहाच्या एसटीनं निघालो,
कळ्याच्या पुढं ऊसगाड्यांच्या मागं रेंगाळत,
साळवणला एक चहा,
आणि गगनबावड्याला उतरलो तेव्हा स्टँडवर
मी, कंडक्टर आणि एक शेळी.

लॉजवाल्या श्रीपती बोडक्यानं
चावी शोधायलाच पाव तास घेतला.
"आत्ता काय बघायला आलायसा?
धबधबं आटल्यात. ढग न्हाईत.
पावसाळ्यात या की,
माणसाला माणूस दिसत न्हाई तवा."
मी म्हटलं, समुद्र.
तो हसला नाही. बादली नळाखाली सरकवत म्हणाला,
"त्यो खाली ऱ्हातो. आमच्याकडं नुसता काठ."

आप्पांनी पडदा रंगवला
तो माझ्या जन्माच्या आधी.
सोळा फूट बाय दहा.
डाव्या अंगाला काळा कडा, मधे पाणी,
उजवीकडं दोन माड, खाली वाळू.
अर्ध्या गंगावेशीचे संसार त्या समुद्रासमोर सुरू झाले.
नवरी खुर्चीत, नवरा मागं उभा,
हनुवटी जरा वर,
"पाण्याकडं नको, माझ्याकडं बघा."
चपलाबुटांनी घासून घासून
वाळू केव्हाच निघून गेली.
खाली उघडा मांजरपाट दिसतो,
आणि त्यावर उभं राहायलाही
हल्ली फारसं कुणी येत नाही.

आप्पा मालवणला कधी गेले नाहीत.
विचारलं तर म्हणायचे,
बघितलाय की, बावड्यावरनं. एकदा.
एवढंच. पुढं ब्रश धुवायला लागायचे.

दुपारी कड्यावर गेलो.
वाळलेलं गवत सगळं एकाच कुशीवर झोपलेलं.
पावसाळ्यात खाल्लेल्या कणसांचे बुडखे,
उन्हानं पांढरी पडलेली वेफर्सची पाकिटं,
बंद टपरीच्या फळीवर खडूनं लिहिलेलं
"कांदाभजी ४०", त्यातलं भजी वाऱ्यानं पुसलेलं.
वारा इथं खालून वर येतो,
शर्टात शिरतो आणि बाहेर पडायचं विसरतो.
खाली कोकण. हिरवं, मग निळसर,
मग नुसता धुरळा.
समुद्र नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे श्रीपतीनंच दार वाजवलं.
कांबळं पांघरून आम्ही दोघं कठड्याशी.
खालचं सगळं धुक्यानं भरलेलं,
डोंगरांची टोकं तेवढी बाहेर,
आणि धुकं कड्याला येऊन थडकायचं,
मागं सरायचं, आवाज न करता.
ऊन आल्यावर ते विरलं
तेव्हा पार टोकाला एक पट्टी चमकली,
घासलेल्या पितळेसारखी, बोटभर.
"त्योच," श्रीपती म्हणाला.
असेल.
एखाद्या धरणाचं पाणीही असेल.

पण मला तिथं उभ्या उभ्या कळलं
की आप्पांच्या पडद्यावर
पाणी इतक्या उंचावरनं दिसतं
आणि वाळू मात्र थेट पायाशी आहे.
इतक्या वर्षांत एकाही जोडप्यानं विचारलं नाही
की आम्ही नक्की उभे आहोत कुठं.

परतीची एसटी आलीच नाही.
घाट चढून आलेला एक मासळीचा टेम्पो थांबला,
ड्रायव्हर वेंगुर्ल्याचा, इनास नावाचा,
गप्प बसणारा, रेडिओ बंद पडलेला.
मागं बर्फ वितळत होता.
साळवण, कळे, बालिंगे,
सगळ्या रस्त्यावर आमच्या मागं
खाऱ्या पाण्याची एक ओली रेघ.

रंकाळ्यापाशी उतरलो.
पँटीला बांगड्याचा वास.
शटर उचललं, दिवा लावला,
आणि वहाणा दाराशी काढून
त्या उघड्या मांजरपाटावर जाऊन उभा राहिलो.
कॅमेऱ्यामागं कुणी नव्हतं.
तरी हनुवटी जरा वर झाली.