बुडीत खाते

सकाळी नऊला लेखाशास्त्र, अकराला अल्गोरिदम.
दोन इमारतींच्या मध्ये जमिनीखालून बोगदा आहे.
सेंट जॉन्सच्या हिवाळ्यात आम्ही सगळे त्यातूनच
घुशींसारखे ये-जा करतो.
अर्ध्या वाटेवर एक पाइप गळतो. तिथे थांबून मी
डोक्यातली एक वही मिटते, दुसरी उघडते.

अलीकडच्या टोकाला मोजणी एकापासून,
पलीकडच्या टोकाला शून्यापासून.
पहिल्या सत्रात दोन्हीकडे
माझा एकाचा फरक पडायचा, कायम एकाचाच.
रात्री दोनला लॅबमध्ये मी टोपी नाकापर्यंत ओढून रडायचे.
शेजारी कालाबारची न्कोयो, शेंगदाणे सोलत.
"तुमच्या गावात धुक्यात बोट कशी शोधतात गं?"
"भोंगा वाजवतात. थांबतात. ऐकतात. पुन्हा वाजवतात."
"मग तेच कर. ओळीओळीला छापून बघ, कुठून ओ येतेय ते."

दुसऱ्या वर्षी प्रकल्प: खऱ्या धंद्यासाठी खरा प्रोग्राम.
मी बाबांचं दुकान घेतलं. हॅरो कोव्हच्या धक्क्यावरचं,
दोरखंड, रंग, रबरी हातमोजे, डब्यातलं दूध,
आणि उधारी.
नाताळच्या सुट्टीत ते वाचत गेले, मी टाइप करत गेले.
हिरव्या कापडी बांधणीची वही, दोनशे बारा खाती,
मधूनच एखाद्या नावाशी थांबून
"ह्याचा गुडघा आता बरा आहे" असला तपशील,
ज्याला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

नियम साधा होता. पुस्तकातलाच.
सहा महिने पैसे नाहीत, तर संशयित.
वर्षभर नाहीत, तर बुडीत.
सात ओळींत बसवला. चालवला.
पडद्यावर एकच नाव लाल झालं, सगळ्यांत वर:

अल्फियस क्रॉकर. सेहेचाळीस डॉलर वीस सेंट.
दोरखंडाची दोन वेटोळी, एक विजेरी.
तारीख सोळा वर्षांपूर्वीची, नोव्हेंबरातली.
नावेच्या बाजूला त्याचं नाव,
आणि नाव तर केव्हाच तळाशी.

"बाबा, हे बुडीत खात्यात टाकायला हवं."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला,
पुन्हा घातला नाही.
"बुडाला तो," म्हणाले. "खातं नाही."
मग जरा वेळाने, शेगडीत लाकूड सारता सारता,
"दर जानेवारीला नवी वही काढतो ना,
पहिली ओळ त्याची लिहितो. मग हात वळतो."

त्या रात्री दोन्ही विषय माझ्याशी भांडत होते.
एक म्हणे, न येणारं येणं म्हणून दाखवणं
म्हणजे स्वतःशीच लबाडी.
दुसरा म्हणे, एका माणसासाठी अपवाद लिहिलास
की प्रोग्राम सडायला लागतो.
दोघांचंही खरं होतं. बाहेर बर्फ खाऱ्या वाऱ्याने
आडवा पडत होता.

पहाटे मी अल्फियसला शून्याव्या जागी ठेवला.
बेरजा एकापासून सुरू केल्या.
ताळेबंदाला तो दिसत नाही.
यादीची सुरुवात मात्र त्याच्यापासूनच होते.

तोंडी परीक्षेत वाणिज्याच्या सरांनी बेरजा तपासल्या,
मान हलवली, पुढे गेले.
हेनेबरी बाई बोटाने पडद्यावर टकटक करत थांबल्या:
"हे शून्यावर काय आहे? टीप का नाही?"
टीप लिहायला बसले होते मी, तीनदा.
"गावातला माणूस आहे," एवढंच म्हणाले.
दोन गुण कापले. बरोबरच होतं ते.
पण पुसायला सांगितलं नाही त्यांनी.

प्रोग्राम दुकानातल्या संगणकावर आहे,
संगणकावर बहुधा सुतळीचा गुंडा असेल.
परवा बाबांचा फोन आला, सहज.
नवी वही काढली म्हणाले, यंदा निळी मिळाली.
मी बोगद्यात होते, आवाज तुटत होता.
"लिहिलंत?" विचारलं.
पाइप गळत होता.
"काय?" ते म्हणाले. "काय म्हणालीस?"
थांबले. पुन्हा विचारलं.