नुसती किल्ली

रामबागेच्या गल्लीत सकाळपासून
झेन नुसती खाकरतेय.
बॅटरी ठणठणीत, स्टार्टर फिरतो.
शाकिरने प्लग काढून ब्लॉकला टेकवला:
निळी ठिणगी. "करंट तो आ रिया है, भिया."
मग पेट्रोल? काटा अर्ध्यावर,
पण प्लग कोरडा, वाससुद्धा नाही.

मागच्या सीटला कान लावून आडवा झाला.
"चाबी. सिर्फ चाबी."
वझलवारांचा मिक्सरही थांबवला.
काहीच नाही.

चोवीस वर्षं मीच फिरवत आलो किल्ली;
सुरू होण्याआधी दोन सेकंद
तिथे काही गुणगुणतं
हे आज कळलं,
ते नसताना.

टाकीला खालून रबरी हातोडी. एकदा. पुन्हा.
"अब लगाओ."

दोन्ही सेकंद पुरते ऐकले.
स्टार्टरची घाई केली नाही.